तोटा तर नाही ना?

दिवाळीत हिंगणीला आठवडाभर राहून आलो. पुण्यात परतून पंधरा दिवस झाले तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. घरची मंडळी इथे वाचतात हे मला ठाऊक आहे. काहींना हे आवडणार नाही. चालेल.

आमची हिंगणी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातली. गाव ओलांडलं की पुढे बोर धरण. २०१४ मध्ये बोर अभयारण्याला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून "हिंगणी? ते कुठे आलं?" हा प्रश्न जरा कमी झालाय. पण आज वाघाबद्दल नाही, एका बाटलीबद्दल लिहायचंय.

मोठ्या बाबांच्या (म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या) खोलीत फळीवर, देवांच्या फोटोंशेजारी ती ठेवलेली आहे. अर्धी भरलेली. हिरवं लेबल, त्यावर लाल हृदय आणि त्या हृदयाला फुटलेलं एक पान. आत अर्जुनसाल, लसूण, आलं, हळद, बीट, जवस असं काय काय आहे म्हणे. किंमत चौदाशे पन्नास रुपये. महिन्याला दोन लागायच्या. आता ती कोणी घेत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. मोठी आई फळी पुसताना बाटली उचलते, पुसते, परत तिथेच ठेवते.

झालं असं की, मोठे बाबा बाहत्तरचे. बीपीची गोळी अकरा वर्षांपासून चालू. दोन वर्षांपूर्वी शेतात जाता-येता त्यांच्या पोटऱ्या भरून यायला लागल्या. शंभर-दीडशे पावलं चाललं की थांबायचं, दोन मिनिटं उभं राहायचं, की परत चालता येतं. आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं. तपासल्यावर कळलं की पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्यात. डॉक्टरांनी अॅस्पिरिन दिली, कोलेस्टेरॉलची गोळी दिली, रोज नेटाने चालायला सांगितलं आणि खर्रा बंद करायला सांगितला. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला आमच्याकडचा राष्ट्रीय खाद्यपदार्थ म्हणजे खर्रा.) खर्रा सोडून बाकीचं सगळं पाळलं गेलं.

मग मोठ्या आईच्या माहेरचा भाचा आला. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगतो. दोन वर्षं कपाशीनं मारलं, डोक्यावर कर्ज, त्यात कोणीतरी त्याला या साखळीत ओढलं. तुम्ही घ्या, चार जणांना द्या, त्यांच्या खाली आणखी चार. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. पाईपात साचलेला गाळ, त्यावर हिरवा रस पडतो आणि पाईप चकाचक! "मी सोता घेतो ना, आत्या," तो म्हणाला. ते खरंच होतं. तो स्वतः घेत होता, बायकोला देत होता, आईला देत होता.

त्या रात्री मोठ्या बाबांचा मला फोन आला. घरात शिकलेला, पुण्यात नोकरी करणारा मी, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे येतात.

"कारे, हे झाडपाल्याचं औषध घेऊ का? तुले काय वाटते?"

मी ऑफिसातून नुकताच आलो होतो. एका हाताने कुकर लावत होतो. म्हणालो, "घ्या की. नैसर्गिक आहे. फायदा झाला तर झाला, तोटा तर नाही ना."

इतकंच. पुरतं एक मिनिटही बोललो नसेन. विचारायला हवं होतं की आधीच्या गोळ्यांचं काय करणार आहात? ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. एकाच रोगावर दोन-दोन औषधं कशाला? इतकी रसायनं पोटात घालण्यापेक्षा झाडाचं बरं. शिवाय महिन्याचे एकोणतीसशे बाटल्यांवर गेल्यावर गोळ्यांना पैसे उरतात कुठे? त्यांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. पहिला महिनाभर "हलकं वाटून राहिलं" असं सगळ्यांना सांगत होते. बीपी वाढलेलं कळत नाही, ही त्याची सगळ्यात वाईट खोड आहे. आणि गोळी बंद केल्यावर माणसाला बरंच वाटतं, कारण गोळीचे बारीकसारीक त्रास थांबतात.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी चहाची कपबशी हातातून सुटली. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून आधी ऊन लागलं समजून कांद्याचा रस चोळला. गाडी मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. तिथे बीपी २१०/१२० भरलं. उजवा हात अजून पुरता वळत नाही. घास डाव्या हाताने खातात, आणि जेवताना कोणी समोर बसलेलं त्यांना आवडत नाही.

गोळ्या चालू असत्या तर झटका आलाच नसता असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" आणि मोठ्या आईनं माझ्याकडे पाहिलं.

तर या दिवाळीत मी ती बाटली हातात घेऊन लेबल वाचलं. चष्मा काढून, उजेडात धरून, सगळं. मागच्या बाजूला इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलं होतं, "नॉट फॉर मेडिसिनल यूज". औषध म्हणून वापरासाठी नाही! आपल्याकडे २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा पूरक आहारांवर हे छापावंच लागतं. म्हणजे कंपनी कायद्याने सुटली. लेबलवर "ब्लॉकेज" हा शब्द कुठेच नव्हता. तो फक्त व्हिडिओत होता आणि भाच्याच्या तोंडात होता. रक्तदाब, हृदयरोग, रक्तवाहिन्या कठीण होणं, असल्या रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण घरी पाहुणा म्हणून आलेला, चहा घेता घेता बोलणारा भाचा ही जाहिरात आहे का? त्याला कुठलं कलम लावणार?

आता कोणी म्हणेल, हा पुण्यात राहून आयुर्वेदाच्या विरोधात गेला. नाही हो. उलट मला हिंगणीपासून तीसेक किलोमीटरवरची एक गोष्ट सांगायची आहे.

सेवाग्राम. गांधीजी तिथे १९३६ मध्ये राहायला आले. निसर्गोपचाराचे कट्टर भोक्ते, माती-पाणी-उपवासवाले. आणि त्यांना उच्च रक्तदाब होता, बऱ्यापैकी जोरदार. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ मध्ये त्यांच्या आरोग्यावर एक संग्रह काढला. त्यात आकडे आहेत: ऑक्टोबर १९३७ मध्ये १९४/१३० आणि फेब्रुवारी १९४० मध्ये २२०/११०. आकडे वाचून मी दचकलोच. दुसरा तर मोठ्या बाबांच्या त्या दिवसाच्या आकड्याच्या आसपासचाच! आणि गांधीजी सर्पगंधा घ्यायचे. डॉ. सुशीला नय्यर यांना लिहिलेल्या पत्रात बीपी चढलेलं आहे आणि सर्पगंधेचे तीन थेंब घेतले, असा उल्लेख आहे. तीन थेंब. "थोडंसं" नाही, "बुचभर" नाही. झाडपाल्याचं औषध घेणारा हा माणूस ते मोजून घेत होता, बीपीही मोजून घेत होता, आणि दोन्ही गोष्टी डॉक्टरला कळवत होता. याच सुशीलाबेननी पुढे १९६९ मध्ये सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं.

सर्पगंधेचं पुढे काय झालं ते तर फारच रंजक आहे. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहून ठेवलं होतं की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. मग मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केईएम रुग्णालयातल्या पन्नास रुग्णांना ती देऊन, बीपी मोजून, आकडे मांडून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रेसर्पीन वेगळं काढलं गेलं, आणि काही वर्षं ते जगभर बीपीवरचं महत्त्वाचं औषध होतं. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या परळच्या इस्पितळातलं काम! शाळेच्या पुस्तकात का नाही हे?

पण गोष्ट तिथे संपत नाही. रेसर्पीन घेणाऱ्यांची नाकं चोंदायची, सुस्ती यायची. आणि काही लोक उदास व्हायला लागले, काही तर फार खोल गेले. नंतर जास्त सोयीची औषधं आली आणि रेसर्पीन मागे पडलं. मुळी तीच, शंभर टक्के नैसर्गिक, आपल्याच मातीतली. ती काम करत होती म्हणूनच तिचे त्रासही होते. शरीरात जे काही घडवतं ते नको तेही थोडं घडवणारच. ज्याला अजिबात तोटा नाही असं औषध मला कोणी देऊ केलं, तर मला आता पहिली शंका अशी येते की मग याचा फायदा तरी कशावरून असेल?

बाटलीतल्या बाकीच्या मंडळींचं काय? अर्जुन आमच्याकडे नाल्याकाठी उभा असतो, गुळगुळीत पांढरट खोडाचा, देखणा. इंदूरच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये अठरा धूम्रपान करणाऱ्यांना दोन आठवडे अर्जुनसाल दिली, तर त्यांच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बरंच सुधारलेलं दिसलं. वाचून आशा वाटते. पण अठरा माणसं आणि दोन आठवडे. दिल्लीच्या एम्समध्ये हृदय कमजोर झालेल्या शंभर रुग्णांवर बारा आठवडे प्रयोग झाला, तेव्हा हृदयाची पंप करण्याची ताकद काही वाढली नाही. म्हणजे अर्जुनाची केस अजून चालू आहे असं म्हणू. निकाल लागल्यासारखी बाटली विकणं मात्र चूक.

लसूण, हळद, दालचिनी यांची परीक्षा क्लीव्हलँडमध्ये झाली, २०२२ मध्ये. एकशे नव्वद माणसं, अठ्ठावीस दिवस. कोणाला लसणाच्या गोळ्या, कोणाला हळदीच्या, कोणाला दालचिनीच्या, कोणाला माशाच्या तेलाच्या, कोणाला नुसत्या पोकळ गोळ्या आणि काहींना कोलेस्टेरॉलच्या गोळीचा सगळ्यात लहान डोस. त्या लहान डोसाने वाईट कोलेस्टेरॉल सुमारे अडतीस टक्के उतरलं. बाकीचे सगळे पोकळ गोळीच्याच रांगेत. (या प्रयोगाला पैसे त्या गोळीच्या कंपनीनेच दिले होते, हेही सांगून टाकतो. पण आकड्यांतला फरक इतका मोठा आहे की मला तो खरा वाटतो.) आणि जपानमध्ये २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळाच्या गोळ्यांनी शेकडो लोक इस्पितळात गेले, कित्येकांच्या किडन्या बिघडल्या. तेही "नैसर्गिक"च होतं, आणि देश जपान, जिथे सगळं काटेकोर.

राहिला जवस. आणि इथे मला खरंच हसू आलं, रडूही.

कॅनडात विनिपेगला २०१३ मध्ये एक अभ्यास छापून आला. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले एकशे दहा रुग्ण. म्हणजे अगदी मोठ्या बाबांचाच आजार! त्यातल्या निम्म्यांना सहा महिने रोज तीस ग्रॅम दळलेला जवस खायला दिला. मफिनमध्ये, बेगलमध्ये घालून. वरचं बीपी सुमारे दहाने आणि खालचं सातने कमी भरलं. एखाद्या खाण्याच्या पदार्थाने एवढा फरक म्हणजे भारीच. आणि जवस सबंध खाल्ला तर तसाच बाहेर पडतो, दळावा-कुटावा लागतो. मोठी आई काय करते? भाजते आणि कुटते. तिला हे कोणी विनिपेगहून सांगितलं नव्हतं. (तिच्या चटणीत मीठ जरा हात सोडून असतं, ते तेवढं कमी करायला सांगितलंय.)

माझ्या लहानपणी आमच्या खालच्या वावरात हिवाळ्यात जवस असायचा. सकाळी निळी फुलं उघडायची, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या. घरात जवसाचं तेल असायचं, त्याचा वास मला तेव्हा आवडायचा नाही. मग सोयाबीन आलं, त्याच्या मागे हरभरा, आणि जवस गेला. भाव नाही, मळणीची कटकट, कोण पेरणार? आता तोच जवस हिरव्या लेबलच्या बाटलीत बसून, चौदाशे पन्नास रुपये लावून, हिंगणीला परत आलाय. त्या बाटलीत किती असेल? चमचाभर तरी असेल का? लेबलवर प्रमाण लिहिलेलंच नव्हतं.

आणि विनिपेगच्या अभ्यासातली जी गोष्ट माझ्या मनात घर करून बसलीय ती वेगळीच. त्या रुग्णांनी आपापल्या गोळ्या बंद केल्या नव्हत्या. जवस गोळ्यांच्या जोडीला होता, जागी नव्हता. "जोडीला" आणि "जागी". मोठ्या बाबांच्या उजव्या हाताचा हिशेब या दोन शब्दांत आहे. फोनवर मला एवढंच विचारायचं होतं.

मला कळतं, हे लोकांना का पटतं. गोळी म्हणजे आपण आजारी असल्याची रोजची आठवण. झाडपाला म्हणजे आपण अजून आपल्याच मुखत्यारीत आहोत असा दिलासा. शिवाय डॉक्टर दोन मिनिटं बोलतात आणि भाचा दोन तास बसतो, तब्येत विचारतो, पायाला हात लावून बघतो. दिवसाला दोन-तीन रुपयांची गोळी आपल्याला इतकी फालतू का वाटते आणि पन्नास-शंभर रुपयांचा घोट इतका गुणकारी का वाटतो, यावर कोणीतरी लिहायला हवं. मला ते नीटसं उलगडलेलं नाही.

भाच्याशी मी भांडायचं ठरवूनच गेलो होतो. मोठ्या आईने आधीच बजावलं, "त्याले काई बोलू नको. तुलेही विचारलं होतं आमी." मग काय बोलणार. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो आला. दारातच घुटमळला. मोठे बाबा पडवीत बसले होते. त्यांनी डाव्या हाताने खुर्ची सरकवली, म्हणाले, "ये बाबू, बस."

बीपीचं मशीन मी येताना आणलं होतं. रोज सकाळी मोठी आई ते लावते आणि आकडा कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहिते. १४८/८६. १४२/८४. आता खालच्या चौकटीत दूध, वरच्या कोपऱ्यात बीपी, असं चाललंय. त्या दिवशी मोठ्या बाबांचं मोजून झाल्यावर तिने तोच पट्टा भाच्याच्या दंडाला गुंडाळला. तो नको नको म्हणत होता, "मले काय झालं आत्या," म्हणत होता. मशीन घुरघुरलं. १६८/१०४. वय चौतीस.

त्याने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बिघडलं असंन," तो म्हणाला.

मोठ्या बाबांनी पुन्हा मोजायला लावलं. १६४/१०२. मी त्याला सांगितलं, उद्या सकाळी खर्रा न खाता ये, परत मोजू, आणि मग सोबत दवाखान्यात जाऊ. येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी अकरापर्यंत वाट पाहिली, मग माझी नागपूरहून गाडी होती. परवा फोनवर मोठ्या आईला विचारलं. म्हणाली, अजून आला नाही, पण तो आकडा मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, त्याच्या नावानं.